आकाशाची दवंडी

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता आणि माझा दहावीचा शेवटचा पेपर राहिला होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी अंगणात भूगोलाचे पुस्तक घेऊन बसले होते. एकाएकी गल्लीत आरडाओरडा झाला. वर पाहिले तर उत्तरेकडच्या आकाशातून दिव्यांची एक रांग सावकाश सरकत चालली होती. पुढे एक मोठा गोळा, मागे लहान लहान ठिणग्या, आणि आवाज मात्र मुळीच नाही. पुस्तक मिटून नीट पाहावे म्हणेपर्यंत सारे संपलेही. मग जो तो बोलू लागला. कोणी म्हणाले विमान पेटले. रशिया आणि युक्रेनचे युद्ध नुकतेच सुरू झाले होते, तेव्हा एका शहाण्याने ते क्षेपणास्त्रच ठरवून टाकले. आजीने हात जोडले. दुसऱ्या दिवशी कळले की चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाच्या गावी आकाशातून धातूचे एक भले मोठे कडे पडले आहे. तो चिनी रॉकेटचा पृथ्वीवर परत कोसळलेला भाग असावा, असे जाणकारांनी सांगितले.

माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत. सरकारी कागदावर या पदाचे नाव आता बदलले आहे, पण किनवटात अजून गँगमनच म्हणतात. त्या संध्याकाळी ते बोधडीच्या बाजूला रुळावर होते. तिथे ना दिवा, ना घर. त्यामुळे त्यांना तो देखावा आमच्याहून कितीतरी स्पष्ट दिसला होता. कोणत्या झाडाच्या शेंड्यावरून तो सुरू झाला आणि कुठे मावळला, हे त्यांनी मला हाताने दाखवले. मी विचारले, "बाबा, तुम्ही कोणाला सांगितले का?" ते म्हणाले, "कोनाला सांगाव माय? रूळ तुटला तर कोनाला सांगाव ते ठाव हाय. आभाळाचं कोन इचारतंय आपल्याला?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. आकाशात काही घडले तर कोणाला सांगायचे? कॉलेजात आल्यावर वाचनालयात मिळाले ते वाचले, मोबाईलवर सापडले ते वाचले, आणि मला कळले की या प्रश्नाला उत्तर आहे. सांगायला माणसे आहेत, ठिकाणे आहेत, आणि सांगण्याची एक मोठी चांगली रीत शंभराहून अधिक वर्षांत घडत आली आहे. तिच्याविषयीच मला इथे लिहायचे आहे. बी. ए. द्वितीय वर्षाच्या, मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलीने हे का लिहावे, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझ्या मते ते आम्हीच लिहिले पाहिजे. का, ते पुढे सांगते.

आकाश स्थिर आहे असे आपण समजतो. ध्रुव अढळ, सप्तर्षी जागच्या जागी. पण या स्थिर दिसणाऱ्या आकाशात रोज काहीतरी पेटते आणि विझते. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, त्याला अतिनवतारा म्हणतात. तो काही आठवडे, काही महिने तळपतो. नवतारा काही दिवसांत ओसरतो. गॅमा किरणांचा स्फोट तर काही सेकंदांचा असतो, कधी एका सेकंदाहूनही कमी. हजारो, कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेला हा प्रकाश आपल्या दारावर क्षणभर थाप मारतो. दार उघडायला उशीर झाला तर पाहुणा गेला.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून इथे थोडे थांबते. इ. स. १०५४ मध्ये, म्हणजे शके ९७६ मध्ये, वृषभ राशीत एक तारा फुटला. चीनमधील राजज्योतिष्यांनी त्याला 'पाहुणा तारा' म्हटले आणि तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता अशी नोंद करून ठेवली. त्याचे अवशेष आजही दुर्बिणीतून दिसतात. त्या वेळी आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, पहिला सोमेश्वर गादीवर होता. देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे त्याच चालुक्यांच्या काळातील. त्या काळच्या शिलालेखांत देवाला दिलेल्या जमिनीचे माप सापडते, दान देणाऱ्याचे नाव सापडते. पण दिवसाढवळ्या दिसलेल्या त्या ताऱ्याची निर्विवाद नोंद सगळ्या भारतात अजून सापडलेली नाही. तो इथल्या लोकांना दिसला नसेल काय? गुराख्याला दिसला असेल, पाणी भरायला निघालेल्या बाईला दिसला असेल. त्यांनीही म्हटले असेल, कोणाला सांगावे!

तारायंत्र आले आणि सांगण्याला वेग आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील खगोलशास्त्रज्ञांनी एक केंद्र नेमले. कोणाला नवा धूमकेतू किंवा नवा तारा दिसला तर त्याने तिथे तार करायची आणि केंद्राने ती सगळ्या वेधशाळांना पाठवायची. हे केंद्र आधी जर्मनीतील कील येथे होते, मग कोपनहेगनला गेले आणि १९६५ साली अमेरिकेतील केंब्रिज गावी आले. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आकाशातली जागा आणि वेळ पाच-पाच आकड्यांच्या गटांत लिहीत. शेवटी पडताळ्यासाठी एक बेरीज देत. वाटेत एखादा आकडा चुकला तर बेरीज जुळत नसे आणि चूक सापडे. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे बातमी तोंडातोंडी जाताना तिच्यासोबत अशी बेरीज पाठवता आली असती तर किती भांडणे वाचली असती!

सांगण्यावाचून काय होते याचा एक प्रसंग इथे देते. २४ फेब्रुवारी १९८७ ची रात्र. दक्षिण अमेरिकेत चिली देशात लास काम्पानास नावाच्या डोंगरावर वेधशाळा आहे. तिथला दुर्बीण चालवणारा कामगार ऑस्कर दुहाल्दे कॉफीसाठी उठला आणि जरा बाहेर आला. मोठ्या मॅजेलनी मेघात त्याला एक तारा जास्तीचा दिसला. हा माणूस ते आकाश रोज पाहणारा, घरच्या अंगणासारखे ओळखणारा. पण आत गेल्यावर तो कामाला लागला आणि सांगायचे राहूनच गेले. पुढे काही वेळाने इयान शेल्टन नावाच्या तरुणाने त्याच रात्री काढलेल्या छायाचित्राची काच धुतली आणि त्याला तोच तारा दिसला. तो धावत आला तेव्हा दुहाल्दे म्हणाला, हो, मीही पाहिला. डोंगरावरून संपर्क होईना म्हणून तार करायला माणसाला गाडीने खाली ला सेरेना शहरात पाठवावे लागले. जवळजवळ चार शतकांत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला हा सर्वांत तेजस्वी अतिनवतारा. ती बातमी पसरल्यावर जपानमधील कामिओका येथील शास्त्रज्ञांनी आपल्या साठवलेल्या फिती तपासल्या, तेव्हा त्यांना अकरा न्यूट्रिनो कण सापडले. प्रकाश दिसण्याच्या काही तास आधीच ते पृथ्वीवर येऊन गेले होते. बातमी कळली नसती तर त्या फिती तशा का तपासल्या असत्या?

दुहाल्देची गोष्ट मी बाबांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "असं व्हतंय." मग त्यांनी मला त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली.

रुळाला तडा गेलेला दिसला तर गँगमनने काय करायचे, हे ठरलेले असते. लाल झेंडी, रात्र असेल तर लाल बत्ती घेऊन गाडी येण्याच्या दिशेने पळत सुटायचे. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा. बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन बांधायचे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. यासाठी कोणाला विचारायचे नसते. साहेबाची सही लागत नाही. पाहील त्याने बांधायचा. मी विचारले, "आणि रूळ धड निघाला तर?" बाबा म्हणाले, "तर बोलनी खायची. बोलनी खाल्ल्यानं मानूस मरत नाही."

आकाशाची बातमी देणारे लोक याच नियमाने चालतात असे माझे मत झाले आहे. मात्र या नियमापर्यंत ते सहजासहजी आलेले नाहीत.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्याकडच्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटे झाली होती. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे लायगो नावाची दोन यंत्रे आहेत. अवकाशालाच जे हेलकावे बसतात, ज्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात, ते ही यंत्रे टिपतात. त्या क्षणी त्यांत एक लहर आली. पावणेदोन सेकंदांनी फर्मी नावाच्या उपग्रहाला गॅमा किरणांची चमक दिसली. लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी एक खरखराट झाला होता, त्यामुळे संगणकाने ती नोंद आपण होऊन पुढे पाठवली नाही. माणसांनी डोळ्यांनी तपासून पाहिली आणि पाऊण तासाच्या आत सूचना निघाली. पण पाहायचे कुठे? दोन यंत्रांच्या हिशेबाने आकाशाचा मोठा पट्टा निघत होता. इटलीतील व्हर्गो या तिसऱ्या यंत्राला ती लहर जवळजवळ जाणवलीच नव्हती, आणि गंमत अशी की त्याचे हे गप्प बसणेच उपयोगी पडले. ज्या दिशेचे व्हर्गोला नीट ऐकू येत नाही त्याच दिशेला घटना घडली असणार, असा अंदाज बांधता आला. शोधायची जागा पौर्णिमेच्या दीडशेएक चंद्रांइतकी उरली. चिलीत अंधार पडताच दुर्बिणी तिकडे वळल्या. घटनेनंतर सुमारे अकरा तासांनी वासुकी तारकासमूहातील एका दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. अशाच टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होतात, असे त्या प्रकाशाच्या अभ्यासातून पुढे आले. आईच्या गळ्यातल्या दोन मण्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते.

आता मुद्द्याचे. २०१७ मध्ये लायगोची सूचना सगळ्यांना मिळत नव्हती. ज्या गटांनी करारावर सह्या केल्या होत्या त्यांनाच ती मिळे, आणि गुप्त ठेवायची अट असे. ऑगस्टमधील ही घटना जगाला अधिकृतपणे १६ ऑक्टोबरला सांगण्यात आली. एप्रिल २०१९ पासून ही रीत बदलली. आता लहर आली की काही मिनिटांत सूचना सर्वांसाठी खुली होते. ज्याच्याकडे दुर्बीण आहे, नव्हे, ज्याच्याकडे मोबाईल आहे, त्याला ती मिळते. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या फेरीत अशा ऐंशीच्या आसपास सूचना दिल्या गेल्या आणि त्यांतल्या दोन डझनांच्या आसपास मागे घ्याव्या लागल्या. म्हणजे दर तीन-चार फटाक्यांमागे एकदा रूळ धड निघाला! पण त्यांनी मागे घेतल्याचेही तितक्याच मोकळेपणाने जाहीर केले. कोणी तोंड लपवले नाही आणि कोणी सूचना देणे बंदही केले नाही.

हे वाचताना मला आपल्या सूचनाफलकांची आठवण झाली, त्याला मी काय करू? मागच्या वर्षी एका कचेरीची शिष्यवृत्तीची सूचना आम्हां मुलींपर्यंत पोचली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. माझी एक मैत्रीण तांड्यावरून येते. तिला उत्पन्नाचा दाखला काढायलाच चार दिवस लागले. सूचना लागलीच नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. ती लागली होती. ज्यांना ठाऊक होते त्यांनी आपले अर्ज भरले आणि गप्प बसले. आकाशातली घटना जशी थांबत नाही, तशी मुदतही थांबत नाही. आपल्याला माहीत झालेली गोष्ट दुसऱ्याला सांगितली तर आपले काही कमी होईल, ही भीती आपण कुठून शिकलो? माझ्या आजीच्या लहानपणी कोतवाल हलगी वाजवत वेशीपासून शेवटच्या घरापर्यंत दवंडी देत जाई. ती अजून 'दौंडी' म्हणते. पैनगंगेचे पाणी चढले तर अमक्यालाच सांगावे आणि तमक्याला सांगू नये, असे त्या दवंडीत नव्हते. त्या गावात भेदाभेद काही थोडा नव्हता, हलगी कोणाच्या हाती असे हेही मला ठाऊक आहे, म्हणून जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण पुराची दवंडी सगळ्यांसाठी असे, एवढे खरे.

या कामात आपली माणसेही आहेत. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीने सगळे आकाश पुन्हा पुन्हा टिपून काय बदलले ते शोधायचे, ही मोठी योजना त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २०१८ पासून ती दुर्बीण एका रात्रीत काही लाख सूचना जगाला देऊ लागली. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. आता चिलीमध्ये रुबिन वेधशाळा उभी आहे. तिची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्र घेतल्यापासून मिनिटाभरात सूचना द्यायची, अशा बेताने ती बांधली आहे.

आणि सूचना ऐकणारे? लडाखमध्ये हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर मुंबईची आय. आय. टी. आणि बंगलोरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून एक दुर्बीण बसवली आहे. आरसा अवघा सत्तर सेंटिमीटरचा, पण ती माणसावाचून आपण होऊन वळते. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे आमच्या त्या पाडव्याच्या दोन महिने आधी, पालोमारच्या दुर्बिणीला एक भलताच वेगाने बदलणारा ठिपका दिसला. सूचना गेली. हानलेची दुर्बीण तिकडे वळली, जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ दुर्बीण वळली, आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रहही वळला. साडेआठशे कोटी प्रकाशवर्षांवर एका कृष्णविवराने एक तारा फाडून गिळला होता आणि त्याचा झोत नेमका आपल्या दिशेने आला होता. पहिल्यांदा पाहणारे कॅलिफोर्नियात, आणि अर्थ लावणाऱ्यांत मुंबई-पुण्याची पोरे. सांगितले नसते तर हे घडले नसते.

आता आपल्या शेजारी या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतातील यंत्र उभे राहायचे आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही, दोन कानांनी थोडी कळते. अमेरिका आणि युरोपपासून इतक्या दूर आणखी एक कान लागला तर आकाशातली जागा कितीतरी नेमकी सापडेल, असा त्यामागचा विचार. हे दशक संपता संपता काम पुरे व्हावे असा बेत आहे. तेव्हा जी सूचना जगभर जाईल तिच्यावर औंढ्याचीही मोहोर असेल.

मी हे वर्गात सांगितले तेव्हा एका मित्राने विचारले, "२६०० कोटी? आणि आमच्या गावाचा रस्ता?" त्याच्या गावाला पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय जाता येत नाही. त्याला हसणाऱ्यांत मी नव्हते. त्याचा प्रश्न खरा आहे आणि शास्त्रज्ञांच्या नावाने तो दाबून टाकणे बरोबर नाही. पण रस्ता मिळेपर्यंत आकाश मागू नये, हेही मला पटत नाही. बाबांच्या पिढीने असेच म्हटले असते तर मुलीचे शिक्षणही रस्त्यानंतरच आले असते. माझी भीती वेगळी आहे. यंत्र उभे राहील, जमीन आपल्या मराठवाड्याची असेल, फाटकावरचा पहारेकरी आपल्या मराठवाड्याचा असेल, चहाची टपरी आपल्या माणसाची असेल, आणि आत काय ऐकू आले ते मात्र आपल्याला चार दिवसांनी मुंबईच्या वर्तमानपत्रातून कळेल. ही भीती खोटी ठरवायची असेल तर तयारी आतापासून लागेल, आणि ती एकट्या विज्ञान शाखेची नाही.

कारण दवंडी भाषेत द्यावी लागते. आज या सूचना इंग्रजीत येतात, आणि तेही आकडे व आद्याक्षरांनी भरलेल्या इंग्रजीत. त्यांचे मराठी कोण करणार? आमच्या एका सरांना मी हे म्हटले तेव्हा ते म्हणाले, "अतिनवतारा, गुरुत्वीय लहर हे शब्द बोलते कोण?" सरांविषयी आदर ठेवून मी म्हणते की शब्द वापरल्यावाचून रुळत नाहीत. रेल्वेतला 'फटाका' कोणत्या शब्दकोशातून आला? रुळावरच्या माणसांनी तो वापरला, म्हणून तो आहे. वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात खगोलशास्त्राच्या नोंदी मराठीत आहेत. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. जगातले मोठे शास्त्रज्ञ असून ते मराठीत कथा लिहीत राहिले. त्यांना शब्द सापडत होते, मग आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना का सापडू नयेत? बातमी काय आहे, किती खात्रीची आहे, कोणी दिली, मागे घेतली की काय, हे चार ओळींत नेमके लिहिणे हे भाषेचेच काम आहे. आम्ही निबंध लिहितो त्याहून ते अवघड आहे.

म्हणून प्राचार्य आणि प्राध्यापक यांच्यापुढे माझी मागणी अगदी लहान आहे. दुर्बीण मागत नाही. वाचनालयात एक जाड नोंदवही ठेवावी आणि दारात एक फळा. खुल्या सूचनांपैकी आठवड्याला एक-दोन आम्ही मराठीत करून फळ्यावर लिहू. आणि किनवटच्या आकाशात कोणालाही काही दिसले, मग तो विद्यार्थी असो, शिपाईमामा असो वा बाजाराला आलेला कोलाम म्हातारा असो, तर तारीख, वेळ, दिशा आणि किती वेळ दिसले हे वहीत लिहून घेऊ. पुणे-मुंबईच्या लोकांना जे आकाश पैसे देऊनही मिळत नाही, ते आपल्याला पैनगंगेच्या जंगलाकाठी फुकट मिळालेले आहे. वीज गेली की तर विचारूच नका!

पाहण्याजोगे काय आहे म्हणाल तर एक सांगते. स्वातीच्या पूर्वेला अर्धवर्तुळात मांडलेल्या ताऱ्यांचा उत्तर मुकुट नावाचा समूह आहे. उन्हाळ्यातल्या रात्री तो चांगला वर येतो. त्याच्या शेजारी एक तारा आहे, एरवी नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तो १८६६ मध्ये भडकला आणि पुन्हा १९४६ मध्ये. साधारण ऐंशी वर्षांनी तो पुन्हा भडकेल असे अभ्यासकांना वाटते आणि काही काळापासून सगळे जग त्याची वाट पाहत आहे. हा लेख देईपर्यंत तरी तो भडकलेला नाही. भडकला की ध्रुवाइतका तेजस्वी दिसेल, आणि तोही काही दिवसच.

१९४६ च्या फेब्रुवारीत तो ज्यांना आधी दिसला त्यांत रशियातील कामेन्चुक नावाचा एक माणूस होता. तो रेल्वेत रूळ तपासत हिंडणारा कामगार होता. हे मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. मग उत्तर मुकुट कुठे असतो ते दाखव म्हणाले. आम्ही दोघे घरामागच्या बोळात गेलो, कारण पुढे खांबावरचा दिवा डोळ्यांत येतो. त्यांना तो एकदा सांगताच सापडला. आता रात्रपाळीहून आले की ते चपला काढता काढताच सांगतात, "हाय तसाच हाय."

कॉलेजची वही येईल तेव्हा येईल. मी दोनशे पानी एक घेऊन ठेवली आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे : २ एप्रिल २०२२, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, बोधडीकडील रेल्वेमार्ग, उत्तरेकडील आकाश, दिव्यांची सरकती रांग, आवाज नाही. पाहणाराच्या नावापुढे बाबांनी सही केली आहे, आणि सहीखाली आजची तारीख टाकली आहे.